फक्कीने आखलेलं जहाज

"तुह्या मायकडून उत्तर मी काढतो. पाच वाजेलोक. तू फक्त फोन कर," असं पंजाबराव गुरुजींनी रविवारी सकाळी दहा वाजता पुण्याच्या मुलाला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा त्यांच्या तोंडून अडतीस वर्षांची नोकरी बोलत होती.

ती बढाई अगदीच पोकळ नव्हती. साहेब तपासणीला आले की ज्याच्या तोंडातून स्वतःचं नावसुद्धा फुटत नसे, अशा पोराकडून गुरुजींनी बाराचा पाढा वदवून घेतला होता. युक्ती साधी होती. प्रश्न विचारायचा आणि मनात वीसपर्यंत मोजायचं. डोळे वटारायचे नाहीत, मधेच उत्तर सुचवायचं नाही, घड्याळाकडे बघायचं नाही. बहुतेक मुलं तेरा-चौदाच्या आसपास बोलतात. एक पोरगा एकोणीसला बोलला होता, आणि आज तो जानेफळच्या बाजारात भाजीचा लिलाव पुकारतो. आता त्याला गप्प करायची युक्ती गावाला सापडत नाही.

पण गुरुजींच्या पत्नी मनकर्णाबाई त्या पोरांपैकी नव्हत्या. त्या मुक्या नव्हत्या, बोलायच्या भरपूर. फक्त "तुला काय पाहिजे" या एका प्रश्नाला पन्नास वर्षांत त्यांचं एकच उत्तर ठरलेलं होतं: "तुम्ही म्हणान तसं." लुगडं कोणत्या रंगाचं? तुम्ही म्हणान तसं. पोराचं नाव काय ठेवायचं? तुम्ही म्हणान तसं. मागच्या वर्षी मेहकरला डॉक्टरांनी "आजी, कुठं दुखतं?" असं विचारलं, तेव्हाही त्यांनी आधी गुरुजींकडेच पाहिलं होतं.

लग्नाला पन्नास वर्षं होत होती म्हणून थोरल्या गजेंद्रने आईवडिलांना मोठ्या जहाजावर फिरायला पाठवायचं ठरवलं. मुंबईहून निघायचं, तीन रात्री समुद्रात, परत मुंबई. दोनच खोल्या उरल्या होत्या. एकीला समुद्राच्या बाजूने गॅलरी. दुसरीला गॅलरी नाही, पण मोठी खिडकी. जहाजाच्या खिडक्या बहुधा उघडत नाहीत म्हणे, पण ही उघडत होती, आणि माणूस दोन्ही कोपरं टेकून बसेल एवढी रुंद होती. भाडं दोन्हींचं सारखंच. संध्याकाळी पाचनंतर मात्र खोल्या राखून ठेवणार नव्हते.

"पण बाबा, एक अट आहे," गजेंद्र म्हणाला होता. "आई सांगेल ती खोली घ्यायची. तुम्ही नाही सांगायचं."

"मी कधी सांगतो?" गुरुजी म्हणाले.

पलीकडे गजेंद्र बराच वेळ काही बोलला नाही. वीसपर्यंत मोजण्याची युक्ती घरात त्यालाही माहीत होती.

गुरुजींनी फोन ठेवला आणि आधी सरळ विचारून पाहिलं. मनकर्णाबाई ओट्याशी भाकरी थापत होत्या.

"अवं, गॅलरीवाली घ्याची का खिडकीवाली?"

"तुम्ही म्हणान तसं."

"माह्यं सोड. तू सांग."

"मले काय समजते त्यातलं? म्या का जहाज पाह्यलं?"

हे मात्र गुरुजींना पटलं. जे पाहिलं नाही त्याबद्दल विद्यार्थ्याला प्रश्न विचारायचा नाही, हा त्यांचाच नियम होता. आधी अनुभव, मग प्रश्न. त्यांनी कोपऱ्यातली फक्कीची पिशवी उचलली. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी. कबड्डीचं मैदान तिनेच आखतात आणि घराच्या पायाची आखणीही तिनेच होते. निवृत्त होताना शाळेने गुरुजींना शाल, श्रीफळ आणि उरलेली फक्की दिली होती.

धाकटा मुलगा गोकुळ सकाळीच तुरीवर फवारणीला गेला होता. त्याची दहा वर्षांची छकुली टेपचं टोक धरून उभी राहिली आणि अंगणात जहाज आकाराला येऊ लागलं. सोळा फूट लांब आणि नऊ फूट रुंद अशा दोन खोल्या, मधे एकच सामाईक रेघ. डावीकडच्या खोलीतले चार फूट कापून गॅलरी काढली.

"आबा, गॅलरीवाली खोली लहान झाली," छकुली म्हणाली.

"शाबास. कशानं झाली?"

"गॅलरीनं खाल्ली."

"बरोबर. गॅलरी कुठून तरी खातेच. अन् खिडकी?"

छकुलीने विचार केला. "खिडकी काहीच नाही खात."

गुरुजींना हे उत्तर फार आवडलं. आवडलं तरी त्यांनी ते मनावर घेतलं नाही. कारण एव्हाना मनातल्या मनात ते गॅलरीत जाऊन उभे होते. एक हात कठड्यावर, दुसरा पाठीमागे, मफलरचं टोक वाऱ्यावर. पंधरा ऑगस्टला झेंडा फडकल्यावर ते असेच उभे राहायचे. पोरांची रांग असायची तिथे आता समुद्र असेल, एवढाच फरक.

आता शिकवणाऱ्या माणसाची एक खोड सांगून टाकावी. उत्तर आधी ठरवून मग तो प्रश्न विचारतो. पाढ्यांच्या बाबतीत ते चालतं. गुरुजींनी गॅलरीत हातांची खुर्ची ठेवली, वायर ओढून टेबलपंखा लावला आणि समुद्राचा वारा सोडला. खिडकीसाठी मात्र सुंभ काढून टाकलेली जुनी खाट आडवी उभी केली. तिची रिकामी चौकट हीच खिडकी, आणि समोर बसायला पाट.

मनकर्णाबाई पदराला हात पुसत आल्या. त्या गॅलरीत बसल्या. पंख्याने पदर उडाला, तो त्यांनी दाबून धरला. समोर गोठा होता.

"हा गोठा म्हणजे समुद्र," गुरुजी म्हणाले. "कसं वाटते?"

"बरं हाय."

"वारा येते का नाही?"

"येते न."

मग त्या खिडकीपाशी गेल्या. जाताना त्यांनी हिरव्या तुरीच्या शेंगांची टोपली सोबत नेली. रिकाम्या हाताने बसणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. पाटावर बसून, खाटेच्या चौकटीवर डावं कोपर टेकून त्या शेंगा सोलू लागल्या. समोरून रस्ता जात होता. कोणी बैलगाडी हाकत गेलं, कोणी सायकलवर गेलं. दूध डेअरीवरून परतणाऱ्या एका बाईला त्यांनी नुसती मान हलवून विचारलं आणि तिनेही नुसती मान हलवून सांगितलं.

"कसं वाटते?" गुरुजींनी गॅलरीतून विचारलं. तिथे आता तेच बसले होते.

"बरं हाय."

दोन्हीकडे एकच उत्तर. गुरुजींनी कपाळाला हात लावला. फक्त एवढंच त्यांच्या लक्षात आलं नाही की गॅलरीत त्या पाच मिनिटं बसल्या होत्या आणि खिडकीत टोपली रिकामी होईपर्यंत.

दुपारी जेवणं झाली. गुरुजी पडायला आत जाता जाता छकुलीला म्हणाले, "आकृती काढली, पण नावं कुठी आहेत? नावं दिल्याशिवाय आकृतीले गुण नाहीत, काय?"

छकुली हुशार पोरगी. तिने फक्की घेतली. गॅलरीत कोण बसलं होतं? आबा. म्हणून त्या खोलीत तिने मोठ्या, वळणदार अक्षरांत लिहिलं: आबा. खिडकीत कोण बसलं होतं? त्या खोलीत लिहिलं: आजी. मधली रेघ पुसट झाली होती, तिच्यावरून तिने आणखी एक हात फिरवला. मग ती खेळायला निघून गेली.

साधारण अडीच वाजता शेजारच्या शालूबाई म्हशीला पाणी पाजून परत निघाल्या होत्या. जानेफळमध्ये अंगणात फक्की पडली की महिन्याभरात तिथे भिंत उभी राहते, हे लहान पोराला कळतं. दोन खोल्या, मधे जाड रेघ. शालूबाई थांबल्या आणि त्यांनी अक्षरं वाचली. शालूबाईंना वाचायला खुद्द गुरुजींनी शिकवलेलं होतं, त्यामुळे वाचनात चूक होण्याचा प्रश्नच नव्हता.

"वंदना, वं वंदना," त्यांनी कुंपणावरून गोकुळच्या बायकोला हाक मारली. "हे काय होऊन राह्यलं?"

वंदना विहिरीवर धुणं धूत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "काय सांगू काकू. बाबा म्हणतात मले गॅलरी पाह्यजे. आई काई बोलतच नाहीत. पाच वाजेलोक फैसला करा लागते."

"गजेंद्रले माहीत हाय?"

"त्यायनंच तर काढलं हे."

शालूबाई म्हशीला तिथेच सोडून गेल्या. यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते लक्षात यावं.

सव्वातीन वाजता गुरुजी झोपेतून उठले, तेव्हा रस्त्यावर दहा-बारा माणसं उभी होती. कोणीही रेघेवर पाय देत नव्हतं. सगळे मयतीला आल्यासारखे हळू आवाजात बोलत होते. गुरुजींना वाटलं, जहाजाची गोष्ट गावभर झाली आणि लोक कौतुकाने पाहायला आले. ते प्रसन्न चेहऱ्याने अंगणात आले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

"या, या. पाहा कशी आखली. माप बरोबर घेतलं, एक इंच इकडे नाही का तिकडे नाही."

"गुरुजी," एक म्हातारे गृहस्थ कळवळून म्हणाले, "हे वय हाय का असं करायचं?"

"वयाचं काय? पोरगा म्हणाला, हातपाय चालतात तोपर्यंत करून घ्या."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पुण्याला पाठवलेली पोरं अशी निघतात, हे त्या पाहण्यात आलं.

तेवढ्यात गोकुळची मोटारसायकल आली. फवारणीचा पंप त्याच्या पाठीवर तसाच होता, आणि घाईत बंद करायचा राहिल्यामुळे शेतापासून घरापर्यंतचा रस्ता त्याने फवारत आणला होता. पंप उतरवायचंही त्याला सुचलं नाही. तो रेघेच्या अलीकडे उभा राहिला. वर्गात अंगठे धरायला लावलं की उभा राहायचा, तसाच.

"बाबा, मी कुठी चुकलो ते सांगा. माह्या घरात राहून तुमच्यावर हे पाळी आली?"

"कायची पाळी? अन् पंप बंद कर आधी, फुलझाडावर उडून राह्यलं."

"मायले तुम्ही पाट दिला अन् तुम्ही खुर्चीवर. पंखा बी तुमच्याच बाजूले." गोकुळने पंख्याकडे बोट केलं. "निदान पंखा तरी मधी ठेवा लागत होता."

गुरुजींनी पंख्याकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, आणि मग पहिल्यांदाच जमिनीकडे. आबा. आजी. अक्षर सुंदर होतं. त्यांच्याच घराण्याचं वळण.

"अरे, हे तसं नाही रे. हे जहाज आहे."

"जहाज?"

"जहाज."

हे ऐकल्यावर मात्र मागे उभ्या असलेल्या एका बाईने पदर डोळ्याला लावला. गुरुजींसारखा हुशार माणूस, आणि डोक्याचं असं व्हावं!

गुरुजी समजावून सांगायला लागले, वंदनाही तेच सांगू लागली, पण ऐकतो कोण? साडेचार वाजता खामगावहून मालवाहू रिक्षा येऊन दारात थांबली. मनकर्णाबाईंचे धाकटे भाऊ भाऊराव यांचं तिकडे सरकीच्या ढेपेचं, म्हणजे गुरांच्या पेंडीचं दुकान आहे. म्हातारा-म्हातारी वेगळे निघाले, हा निरोप पोचला तेव्हा रिक्षा ढेपेने भरलेली होती. ताईचं सामान ठेवायला जागा पाहिजे म्हणून त्यांनी अर्धी पोती वाटेत एका ओळखीच्या पानठेल्यावर उतरवली होती, आणि पत्नी अन्नपूर्णाबाईंना उरलेल्या पोत्यांवर बसवून आणलं होतं.

भाऊराव तरातरा आले, पण "आजी" लिहिलेल्या खोलीच्या रेघेशी थबकले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, जिथे दार असावं असं त्यांना वाटलं तिथून आत शिरले आणि पाटासमोर उकिडवे बसले. गडबड ऐकून मनकर्णाबाई सोललेल्या दाण्यांचं पातेलं घेऊन बाहेर आल्या होत्या. भाऊरावांनी बहिणीला हाताला धरून खाली बसवलं.

"ताई, सामान भर. माह्यं घर मोठं हाय."

"कायले?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"भाऊराव, ऐका तर," गुरुजी म्हणाले, "ही खोली समुद्रावरची..."

"भाऊजी," भाऊराव मागे न वळता म्हणाले, "तुम्ही पन्नास वर्षं बोलले. आता पाच मिनिटं तिले बोलू द्या. ताई, कोणाकडे पाहू नको. माह्याकडे पाह्य. या घरात तुले काय पाह्यजे?"

मनकर्णाबाईंनी सवयीने नजर उचलून गुरुजींकडे पाहिलं.

गुरुजींच्या जिभेवर उत्तर तयार होतं. हे जहाज आहे, सहलीचं आहे, गजेंद्रला पाचच्या आत सांगायचं आहे. मनगटावर पाचला बारा मिनिटं कमी होती. पण त्या नजरेने त्यांना पहिलीच्या वर्गात नेऊन उभं केलं. पाटी छातीशी धरून बसलेली किती पोरं त्यांच्याकडे अशीच बघायची. आणि त्या प्रत्येक पोरासाठी त्यांनी वीसपर्यंत मोजलं होतं. या बाईसाठी आपण कितीपर्यंत मोजलं? तीन. फार तर चार. त्यानंतर आपणच म्हणायचो, "बरं, मग हिरवं घेऊ."

गुरुजी गप्प बसले. त्यांनी मान खाली घातली आणि मोजायला सुरुवात केली. दहा झाले. पंधरा झाले. गोकुळचा पंप शेवटचा सुस्कारा टाकून बंद पडला. अठरा. एकोणीस. वीसही झाले. आयुष्यात पहिल्यांदा गुरुजी एकवीसवर गेले.

सव्वीसला मनकर्णाबाई बोलल्या.

"मले ते कोठी हालवून पाह्यजे."

"कोणती कोठी?" भाऊराव म्हणाले.

"स्वयंपाकघरातली. गव्हाची. तिच्यामागं खिडकी हाय."

कोणालाच काही कळलं नाही. गुरुजींना कळलं. एकतीस वर्षांपूर्वी हे घर बांधलं, तेव्हा ओट्यासमोर गल्लीकडे उघडणारी खिडकी त्यांनी स्वतः ठेवून घेतली होती. त्याच साली गहू चांगला झाला आणि पत्र्याची मोठी कोठी आणली. ती कुठे ठेवायची? "सध्यापुरती इथं ठेवू," ते म्हणाले होते. मनकर्णाबाई काय म्हणाल्या असतील ते सांगायला नको. तेव्हापासून कोठी सध्यापुरती तिथेच होती. आणि दरवर्षी चौथीच्या वर्गात, घरात हवा खेळती का असावी, हा धडा गुरुजी रंगवून रंगवून शिकवत होते.

"कधी बोलली नाहीस," ते हळूच म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं? आज ते खाटेतून रस्ता दिसला, तवा ध्यानात आलं."

कोठीत चार पोती गहू होता. तो आधी उपसावा लागला. गोकुळ, भाऊराव, रस्त्यावरचे तिघे-चौघे असे सगळे लागले. वंदना पोती धरत होती, अन्नपूर्णाबाई सांडलेला गहू सुपात भरत होत्या. ढकलता ढकलता जहाजाची खरी गोष्टही एकदाची सगळ्यांना कळली. भाऊराव कोठीवर हात ठेवून दम खात म्हणाले, "म्हणजे मी अर्धी ढेप पानठेल्यावर टाकून आलो, ते तुमच्या सहलीपायी?" गोकुळ अंगणात जाऊन पंखा मधल्या रेघेवर ठेवून आला.

कोठीमागे खिडकी होतीच. कडी गंजून दगड झाली होती. गोकुळने तिच्यावर गोडं तेल सोडलं, भाऊरावांनी खालून हातोडी मारली, आणि एकतीस वर्षं मिटलेल्या झडपा कुरकुरत उघडल्या. उतरतं ऊन सरळ ओट्यावर येऊन पडलं. मनकर्णाबाई पुढे झाल्या. त्यांनी पदराने चौकट पुसली, दोन्ही कोपरं टेकली आणि बाहेर पाहिलं.

बाहेर, अगदी वीतभर अंतरावर, शालूबाईंचा चेहरा होता. अंगणात नीट ऐकू येईना म्हणून त्या केव्हाच गल्लीतून मागे येऊन भिंतीला कान लावून उभ्या होत्या.

"मंग काय ठरलं?" शालूबाईंनी विचारलं आणि आपलीही कोपरं बाहेरून चौकटीवर टेकली. "कोणाले काय भेटलं?"

फोन वाजला. गजेंद्र होता. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. पाच वाजून वीस मिनिटं.

"बाबा, दोन्ही खोल्या गेल्या," तो म्हणाला. "आता एकच राहिली आहे. जहाजाच्या मधोमध. तिला गॅलरी नाही आणि खिडकीही नाही. रद्द करू का?"

गुरुजींचा चेहरा पडला. मनातल्या मफलरचं टोक वाऱ्यावर उडायचं थांबलं. मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या शालूबाईंकडे पाहिलं. शालूबाई आता ओट्यावरच्या पातेल्यात काय आहे ते मान वाकडी करून बघत होत्या. मनकर्णाबाईंनी हात पुढे करून फोन घेतला.

"गजू, त्या खोलीले खिडकी नाही म्हणतं?"

"नाही आई."

"कोणाले डोकावून पाहाता येत नाही?"

"कोणालाच नाही."

"मंग तेच घे," मनकर्णाबाई म्हणाल्या. कोणाकडेही न बघता, एकदमात. "खिडकी मले घरी भेटली. तीन दिवस बिनखिडकीचे चालतात."

गुरुजी पाहत राहिले. उत्तर मिळालं होतं. विद्यार्थिनीने स्वतःहून, स्पष्ट आवाजात, पूर्ण वाक्यात दिलं होतं. छाती अभिमानाने फुगावी असा तो क्षण, आणि थोडी फुगलीही. मग त्यांना दुसरी गोष्ट आठवली.

"अवं," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अन् माह्यी गॅलरी?"

मनकर्णाबाईंनी फोन त्यांच्या हातात दिला आणि खिडकीकडे वळल्या.

"तुम्ही म्हणान तसं," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी घाईघाईने फोन कानाला लावला. गजेंद्रने तो केव्हाच ठेवून दिला होता.